सवंगड्यांसाठी थांबलेले दफन

१/ चीनमधील ग्वेझो, हुनान आणि ग्वांगशी या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ भागात दोंग समाज राहतो. २०२०च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या सुमारे ३५ लाख आहे. त्यांच्या अंत्यविधींविषयी लिहिताना बहुतेक जण 'हान चिनी लोकांप्रमाणेच दफन' एवढे सांगून थांबतात. माझ्या मते खरा विषय तिथूनच सुरू होतो.

२/ ग्वेझोमधील त्सोंगज्यांगच्या काही भागांत एक निराळी रीत नोंदली गेली आहे. मृतदेह शवपेटीत ठेवतात. परंतु लगेच पुरत नाहीत. पेटी गावाबाहेर ठेवली जाते. कुळातील त्याच वयाचे, त्याच पिढीचे सर्व जण निवर्तले की शुभ दिवस पाहून सर्वांचे एकत्र दफन होते. यात अनेक वर्षे सहज जाऊ शकतात.

३/ समाजमाध्यमांवर अशी रीत 'जगातील विचित्र परंपरा' या सदरात जाऊन पडते. हे वाचन उथळ आहे. ही रीत समजून घ्यायची तर आधी दोंगांचे गाणे पाहावे.

४/ दोंगांच्या समूहगायनाला वाद्य नसते, संचालक नसतो; अनेक आवाज एकमेकांना धरून चालतात. गायकवृंद वयोगटांनुसार बांधलेले असतात. हे गाणे एकट्याला गाताच येत नाही. बालपणी ज्यांच्यासोबत सूर लावला, त्यांच्यासाठी मरणोत्तरही थांबणे, असा या दफनाचा अर्थ मला दिसतो.

५/ दोंगांना पारंपरिक लिपी नव्हती. रोमन अक्षरांतील लेखनपद्धती १९५८ साली आली. म्हणून गाणी आणि विधी हेच त्यांचे दप्तरखाने. त्यातले एक पान फाटले, तर दुसरी प्रत मिळत नाही.

६/ आता विरोधाभास पाहा. समूहगायनाला २००९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. इकडे चीनची १९९७ची अंत्यसंस्कार नियमावली अल्पसंख्याकांच्या चालीरीतींचा आदर करण्यास सांगते, आणि त्याच वेळी दहनाचा प्रसार, जमिनीची बचत व अनिष्ट प्रथांचे निर्मूलन हीही उद्दिष्टे ठेवते.

७/ जमीन आणि आरोग्य यांचे प्रश्न खरे आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एखादी प्रथा 'अनिष्ट' आहे हे कोण ठरवणार? जे रंगमंचावर शोभते तो वारसा आणि जे गावाबाहेर मूकपणे थांबते ती कुरीती, ही विभागणी मला मान्य नाही.

८/ प्रथा टिकवायची की सोडायची, हा निर्णय त्या गावांचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांचे काम एवढेच, की निर्णय होण्यापूर्वी तिचा अर्थ नीट नोंदवावा. गाणे जतन केले आणि गाणाऱ्यांचे परस्परांशी असलेले नाते विसरलो, तर आपल्या हाती केवळ ध्वनिमुद्रण उरेल.