कूलरची टाकी, मिरचीचा जिना आणि घरातील हवा

दिवाळीनंतर नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडली की वाऱ्याची दिशा नाकालाच कळते. राज्यातील मोठ्या मिरची बाजारपेठांत गणना होणाऱ्या या गावात ठसका हा ऋतूचाच भाग मानला जातो. मात्र ज्यांचे दुकान खाली आणि घर वर आहे, अशा व्यापारी कुटुंबांत तो ठसका ऋतू सरला तरी सरत नाही. त्याचे कारण पथारीत नसते, बहुधा घराच्या जिन्यात असते.

उबदार हवा वर चढते आणि जिना तिला धुराड्यासारखी वाट करून देतो. वखारीत पोते हलविले की मिरचीची बारीक धूळ उडते; वर स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा सुरू असेल, तर तो तीच हवा खालून ओढून घेतो. दम्याच्या आजीबाईंचा पंप महिन्यामागून महिने चालू राहतो, पण जिन्याच्या तळाशी घट्ट बसणारे दार बसवावे हे कोणाला सुचत नाही. दाराखाली रबराची पट्टी, वखारीच्या बाहेरच्या भिंतीत रस्त्याकडे हवा फेकणारा पंखा, आणि स्वयंपाक करताना वरच्या मजल्यावरील एखादी खिडकी उघडी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मिरची हाताळलेले कपडे खालीच बदलावेत. वरच्या खोल्यांत कोरड्या झाडूपेक्षा ओलसर फडके बरे. झाडू धूळ काढत नाही, तिला केवळ दुसरी जागा देतो.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर असे. दिवसभराचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होई. आजच्या स्लॅबखाली ती उसंत नाही. तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. फाल्गुनात गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडला, तर यंत्राचे निम्मे काम यंत्राविना होते. पडदा बाहेरच हवा. काचेच्या आत टांगलेला पडदा ऊन घरात आल्यावर त्याला अडवू पाहतो.

तापी खोऱ्यातील कोरड्या उष्म्याला कूलर फार अनुकूल आहे. पारा 42 अंशांवर आणि हवेतील आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो. मात्र पुष्कळ घरांत कूलर लावून सर्व खिडक्या बंद केल्या जातात. मग तासाभरात खोली दमट होते, घाम सुकत नाही आणि दोष कूलरच्या माथी येतो. कूलर खिडकीत बसवून त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी अर्धी उघडी ठेवावी, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. आषाढात मात्र, 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना, हेच यंत्र जेमतेम दोन-तीन अंश उतरवते. तेव्हा ते पुसून, सुकवून ठेवून देणेच शहाणपणाचे.

खरा पेच टाकीचा आहे. घरात गाळून पाणी पिणारे, अप्कायाचा विचार करून बादलीही जपून वापरणारे कुटुंब पंधरा-पंधरा दिवस कूलरची टाकी उपसत नाही. डेंग्यूचा एडीस डास अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो आणि उष्ण दिवसांत साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. टाकीत अळ्या वळवळू लागल्यावर पाणी ओतले तरी हिंसा आणि न ओतले तरी घरातल्या लेकरांना धोका. श्रावकाने या पेचात सापडूच नये, हीच येथे जयणा. टाकीच्या प्रत्येक उघड्या भागावर बारीक जाळी लावावी, म्हणजे मादीला पाण्यापर्यंत वाटच राहत नाही. शिवाय दर पाच-सहा दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासाव्यात आणि ती उन्हात कोरडी करावी; पेठेच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस याला सोयीचा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण या डासाची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात. घासण्यात हिंसा मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु जाळी आणि कोरडेपणा आधीपासून पाळला, तर घासताना तेथे काही नसण्याचीच शक्यता अधिक.

हा डास प्रामुख्याने दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो. त्यामुळे रात्री बंद खोलीत लावलेली डासांची अगरबत्ती डेंग्यूपासून फारसे वाचवत नाही, फुप्फुसांना मात्र शिक्षा देते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके आढळले होते. चौविहार पाळणाऱ्या घरात चूल सूर्यास्तापूर्वी थंडावते, म्हणजे फोडणीचा धूर झोपण्याच्या वेळेपर्यंत निघून गेलेला असतो. ही हवेच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. ती कॉइलच्या धुराने घालवू नये. मच्छरदाणी पुरेशी आहे.

वातानुकूलित यंत्राला पाणी लागत नाही म्हणून ते निर्दोष वाटते. पण भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. चौघे जण रात्रभर एका बंद खोलीत झोपले, तर सकाळी डोके जड होणारच. निजण्यापूर्वी आणि उठल्यावर खिडक्या उघडाव्यात, गाळणी दर पंधरवड्याला धुवावी. 2020 पासून देशात विकल्या जाणाऱ्या एसींवर 24 अंशांची मूळ मांडणी सक्तीची झाली. ती खाली ओढण्याची घाई नको. साधू-साध्वी पंखाही वापरत नाहीत, म्हणून चातुर्मासासाठी स्थानक बांधणारा कारागीर खिडक्यांचा विचार सर्वांत आधी करतो. घर बांधणाऱ्यानेही त्याला एकदा विचारून पाहावे.

एका गोष्टीत कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही. वर्षाचे धान्य भरताना किंवा वखारीतील मालाला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ठेवण्याची सवय अजून आहे. हवेतील ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. तो भिंतीच्या फटींतून, जिन्यातून वर येतो. ही गोळी घरगुती वापरासाठी नाही. कायद्याने ती सरकारी संस्था व मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांपुरतीच आहे. माणसे झोपतात त्या इमारतीच्या खालच्या वखारीत तर ती कोणाच्याही हातून ठेवू देऊ नये. धान्याला उन्हं दाखवावे, एरंडेल चोळावे, कडुनिंबाचा पाला घालावा. किडीचा जीवही वाचतो. घरात लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, दोघा-तिघांना एकदम उलट्या, छातीत दडपण, धाप सुरू झाली, तर जेवण बाधले असे समजून घरात थांबू नये. सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि रुग्णालयात पोहोचताच गोळीचा उल्लेख प्रथम करावा. या वायूवर उतारा नाही, आणि डॉक्टरांना ती गोष्ट न सांगितल्यास ते विषबाधा अन्नातच शोधत बसतात.