परतीची वाट आधी ठरवा

चौथीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "धाडसी कुणाला म्हणायचं?" एका मुलाने लगेच उत्तर दिलं, "सर, जो विचार न करता पाण्यात उडी मारतो तो!" वर्ग हसला, मला मात्र हसू आलं नाही. दर पावसाळ्यात दगडाच्या खाणीत, नदीच्या डोहात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की धाडसाच्या गोष्टींसोबत नियोजनही शिकवलं पाहिजे. त्यासाठी मी शिडाच्या नावेचं उदाहरण घेतो. आमच्या अंबडला समुद्र नाही, एमआयडीसी आहे. पण नकाशा, पट्टी आणि भूगोलाचं पुस्तक तर प्रत्येक शाळेत असतं!

समजा, दोन मित्रांना शिडाची नाव थोडीफार चालवता येते. बंदरापासून फार लांब ते कधी गेलेले नाहीत. आता त्यांना मुंबईहून गोव्याला जायचंय. अंतर सुमारे 220 सागरी मैल. (1 सागरी मैल म्हणजे 1.852 किमी.) नाव ताशी 5 सागरी मैल गेली तर लागतील 44 तास. म्हणजे रात्रीही नाव हाकावी लागणार. नवख्यांना हे झेपेल का? मुलं स्वतःच सांगतात, "नाही सर, थांबत थांबत जावं." मग नकाशावर बंदरं शोधायची: मुरूड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मुरूडपर्यंत 40 मैल धरले तर 8 तास होतात. हिवाळ्यात उजेड साधारण 11 तासांचा. म्हणजे पहाटेच निघायला हवं, आणि वारा पडला तर हाताशी 3 तासच उरतात.

आता महिना कोणता? पावसाळा तर नकोच. जून-जुलैत कोकणात मासेमारीलाही बंदी असते. मग भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून खाडीत शिरायची वेळ दर दिवशी नव्याने काढावी लागते.

आणि वारा. पुस्तकातले खारे वारे, मतलई वारे मुलं नुसती पाठ करतात. इथे ते कामाला येतात. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येकडून येतो. गोव्याकडे जाताना तो मागून साथ देतो. पण परतताना तोच समोरून! शिडाची नाव सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला नागमोडी जावं लागतं. अंतर वाढतं, वेळ वाढतो, माणूस थकतो. जाताना सोपी वाटलेली वाट येताना अवघड होते. खाणीच्या पाण्याचंही असंच आहे. उतरणं सोपं, वर येणं कठीण.

इथे कुणी म्हणेल, "एवढा विचार करत बसलं तर माणूस निघणारच नाही." मला हे पटत नाही. कमांडर दिलीप दोंदे यांचं उदाहरण बघा. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा त्याआधी एकाही भारतीयाने केली नव्हती. 2006 मध्ये ते या मोहिमेसाठी पुढे आले. इंग्लंडला जाऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काम शिकले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली, तेव्हा तिची बांधणी जवळून पाहिली. आधी सोबती घेऊन कोलंबो, मग मॉरिशस, आणि मॉरिशसहून परत येताना एकटे. त्यानंतर 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला मुंबईत सुखरूप परतले. तयारीला तीन वर्षं, प्रवासाला नऊ महिने! त्यांना भित्रं कोण म्हणेल?

वर्गात हा उपक्रम जरूर घ्या. गटात चर्चा करून मुलांनी चार उत्तरं लिहावीत:

1. रोज किती अंतर जायचं?
2. वाटेत आसरा कुठे?
3. कुणाला सांगून निघायचं?
4. कशामुळे परत फिरायचं?

चौथ्या प्रश्नाला सर्वात जास्त वेळ द्या. "वारा वाढला तर बघू" असं उत्तर चालणार नाही. "दुपारी 12 पर्यंत निम्मं अंतर झालं नाही तर मागे फिरू" असं नेमकं उत्तर हवं. ते निघण्याआधीच ठरलेलं असावं. पाण्यात असताना सोबतचे "चल रे, काही होत नाही" म्हणतात, तेव्हा डोकं चालत नाही.

आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने उद्या खाणीच्या काठावर थांबून एवढंच विचारलं, "बाहेर कुठून यायचं?" तरी हा पाठ सार्थकी लागला असं मी समजेन.