हेतू काय, म्हणे!

घर बांधायला काढलं तर महापालिका नकाशा मागते, हेतू मागत नाही. लग्नात हेतू विचारायची सोय भटजींनाही नाही. निवडणुकीला उभं राहणाऱ्याला तो विचारण्याइतकं भाबडं तर कोणीच उरलेलं नाही. मग आयुष्याची पाच वर्षं प्रयोगशाळेत घालवायला निघालेल्या पोरांनाच ‘तुझा हेतू काय?’ असं दोन पानी लेखी का विचारावं? माझा या प्रथेला विरोध आहे आणि तो मी इथे जाहीरपणे नोंदवतो.

आमच्या पुतणीला बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करायची आहे. डॉक्टर ज्या यंत्राकडे बघता बघता रोग्याकडे बघायचं विसरतात, ते यंत्र बनवण्याची ही विद्या. अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्या घरात हेतुपत्रांचा घाणा सुरू झाला. या पत्राचा साचा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात आजी आजारी पडते. दुसऱ्यात नातवंड आयसीयूतल्या मॉनिटरकडे टक लावून बघतं. तिसऱ्यात मानवजातीच्या सेवेचा निश्चय होतो.

आमच्या मातोश्री शेजारी बसून चिवडा खात ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मला कधी गं अ‍ॅडमिट केलं होतं?”

“अगं आजी, ते अर्जापुरतं.”

“मग गुडघा लिही. हार्टबिर्ट नको.”

पण गुडघ्याने परीक्षकांना गहिवर येत नाही, असं पुतणीचं मत पडलं.

वर तीन शिफारसपत्रं! सरांकडे गेली, तर सर म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” म्हणजे आपणच आपल्याला तीन निरनिराळ्या हस्ते थोर ठरवायचं, आणि शिवाय विनयशील असल्याचंही नमूद करायचं. आपल्या देशात निदान परीक्षा तरी घेतात. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पण तिथेही पोराने पुस्तक पाहिलंय का, हे कळतं. यंत्र पाहिलंय का, हे गुलदस्तातच राहतं.

आमच्या नाशिकचंच बघा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं, ते इथे दिंडोरी रोडला. इथली इंजिनिअरिंग कॉलेजं मात्र पुणे विद्यापीठाशी जोडलेली. डॉक्टर एका घरचे, इंजिनिअर दुसऱ्या घरचे. मधल्या विषयाने कोणाच्या ओसरीवर बसायचं?

तुम्ही म्हणाल, काका, एवढं चिडायला काय झालं? सांगतो. आपल्याकडची बहुतेक वैद्यकीय उपकरणं अजून परदेशातून येतात. ती तिथल्या विजेच्या, तिथल्या हवेच्या हिशोबाने बनलेली असतात. इथली धूळ आणि व्होल्टेज भेटलं की एखादं यंत्र मान टाकतं आणि कोपऱ्यात चादर पांघरून बसतं. आणि २१ एप्रिल २०२१ला याच नाशकात, डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात, ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण गेले. यावर विनोद सुचत नाही. सुचूही नये. नळी, झडप आणि दाब यांच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, एवढं त्या दिवशी साऱ्या गावाला कळलं. अर्जाच्या नमुन्याला ते अजून कळायचंय.

जयपूर फूट घ्या. १९६८च्या सुमाराचा. डॉ. सेठी हाडांचे डॉक्टर आणि रामचंद्र शर्मा फारशी शाळा न शिकलेले कारागीर. दोघांनी मिळून रबराचा असा पाय केला, की माणूस मांडी घालून जेवायला बसू लागला आणि अनवाणी शेतात जाऊ लागला. शर्माजींना आज पीएच.डी.चा अर्जसुद्धा भरता येणार नाही. गुणपत्रिका कुठून आणणार? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयशल्यविशारद वलियाथन आणि इंजिनिअर एका छपराखाली बसले. झडपेचे तीन नमुने फसले, चौथा जमला आणि डिसेंबर १९९०मध्ये तो रोग्याच्या हृदयात बसला. यात हेतुपत्र कुठे आलं? रोगी समोर होता, परदेशी झडप परवडत नव्हती, झाला हेतू!

म्हणून विद्यापीठांना माझी सूचना आहे. हेतुपत्र रद्द करा. अर्जदाराला महिनाभर एखाद्या सरकारी दवाखान्यात पाठवा. वॉर्डबॉयबरोबर चहा पिऊ द्या, सिस्टरांची बोलणी खाऊ द्या. मग एकच प्रश्न विचारा : तिथलं कुठलं यंत्र बंद आहे, ते का बंद पडलं आणि तुम्ही त्याचं काय करणार?

उत्तर पोस्टकार्डावर मावलं पाहिजे. ज्याचं मावत नाही, त्याने खुशाल आजीला आजारी पाडावं.