हातभार नव्हे, मालकी!

‘काळ्यांनीही चर्चला हातभार लावला’ असं कुणी गोड तोंडानं म्हटलं की माझं टाळकं सरकतं. साचा आम्ही चालवायचा आणि कापडावर छाप मालकाचा, त्यातलीच ही भाषा. पैसा ज्यांचा त्यांना आभाराची चिठ्ठी, चावी दुसऱ्याच्या कमरेला.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं सेंट जॉर्ज चर्च घ्या. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथं सज्जा बांधायला, नवी जमीन घालायला काळ्या कुटुंबांनी पदरचे पैसे ओतले. बदल्यात काय मिळालं? अ‍ॅब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत होता, तर गोरा विश्वस्त त्याला ओढून उठवायला लागला. ही तुझी जागा नाही म्हणे! प्रार्थना संपली आणि सगळे काळे एकजुटीनं बाहेर पडले.

त्यांतला रिचर्ड अ‍ॅलन जन्मानं गुलाम, स्वतःचे पैसे मोजून मोकळा झालेला. त्यानं एक जुनं लोहारकामाचं दुकान विकत घेतलं, घोडे जुंपून आपल्या जागेवर ओढत आणलं. 1794 साली तेच बेथेल चर्च झालं.

पण गोरे पाठ सोडतात होय! 1796 साली नोंदणीचे कागद गोऱ्या पाद्र्यानं लिहिले आणि मालमत्ता गुपचूप गोऱ्यांच्या कॉन्फरन्सकडे टाकली. पुढं 1815 साली बेथेल लिलावात निघालं. आपलंच चर्च अ‍ॅलनला दहा हजारांवर डॉलर बोलून सोडवावं लागलं. 1816 साली कोर्टानं काळ्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच साली त्यांनी स्वतंत्र पंथ उभा केला. ती जागा आजही त्यांचीच आहे.

आपले काही मित्र म्हणतील, देवाच्या घराशी आपल्याला काय करायचंय? देव ठेवा बाजूला, कागद बघा. 1972 साली पँथर हे नाव आपण काळ्यांकडून घेतलं. मग त्यांचा हा धडाही घ्या. बुद्धगयेचं महाविहार जगभरच्या बौद्धांचं, पण 1949 च्या कायद्यानं समितीत बौद्ध चार, हिंदू चार, वर अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे आपल्याच विहारात आपलं बहुमत नाही!

तेव्हा मित्रांनो, वस्तीत विहारासाठी पावतीपुस्तक घेऊन फिराल, घरकाम करणाऱ्या आयाबायांकडून दहा-वीस रुपये घ्याल, तेव्हा आधी विचारा, जागा कुणाच्या नावावर? ट्रस्टमध्ये कोण? घटना कुणी लिहिली? उत्तर मिळेस्तोवर पावती फाडू नका. फरशीवर नाव कोरतो म्हणणाऱ्या पुढाऱ्याला सांगा, नाव फरशीवर नको, दस्तात पाहिजे.