बदल नाही

लँडसॅटच्या चित्रांवरून शहराचा नकाशा करताना ३० मीटर बाजूचा चौकोन हा वाचनाचा एकक असतो. मुंबईभोवतीची मिठागरे, डोंगरउतार कुठे बुजले हे त्यातून कळते. या विद्येचे तेवढे ऋण मान्यच. पण लोअर परळ पाहा. १९८२च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरणीचे छप्पर आणि आज तिथे उभा असलेला मॉल, नकाशाच्या लेखी दोन्ही ‘बांधीव क्षेत्र’. निष्कर्ष: बदल नाही! उपग्रहाला दिसते ते भूआच्छादन. भूवापर हा आपण लावलेला अर्थ (समीक्षेसारखाच म्हणा ना). म्हणून गिरणगावाच्या नकाशाशेजारी नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ ठेवायला हवे, पुरावा म्हणून. आणि तेही भूगोलाच्या वर्गात.