तबकडीवर नाव कुणाचं?

रेकॉर्ड कंपन्यांचा इतिहास बहुतेक वेळा मालकांचा इतिहास असतो. अमेरिकेतल्या 'मोटाउन' कंपनीचा तर फारच. डेट्रॉइट शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी या २९ वर्षांच्या काळ्या तरुणानं घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेतले, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचं घर घेऊन त्यात स्टुडिओ केला आणि काळ्या कलाकारांची गाणी गोऱ्यांच्या दिवाणखान्यात नेऊन पोचवली. यात खोटं काही नाही. वर्णद्वेषानं पोखरलेल्या देशात काळ्या मालकीची एवढी मोठी कंपनी उभी राहणं ही मोठीच गोष्ट होती आणि ती मला कमी लेखायची नाही. पण त्या घरात १९५९ ते १९७२ या काळात झालेली ध्वनिमुद्रणं मी कैक वर्षं ऐकते आहे. ऐकू येतात त्या बायका पुष्कळ आणि छापलेल्या गोष्टीत मात्र त्या फार थोड्या, हा मेळ काही मला बसवता येत नाही.

सुरुवात त्या ८०० डॉलरपासूनच करू. ते पैसे सावकाराचे नव्हते की बँकेचे. गॉर्डी कुटुंबाचा 'बर-बेरी को-ऑप' नावाचा एक फंड होता. आई बर्था आणि वडील बेरी यांच्या नावांवरून त्याचं नाव ठेवलेलं. घरातल्या प्रत्येकानं महिन्याला १० डॉलर त्यात टाकायचे आणि कुणाला गरज पडली की सगळ्यांनी मिळून ठरवून द्यायचे. म्हणजे आपल्या बचत गटासारखाच प्रकार. थोरली बहीण एस्थर हिनं कर्जाला सहजासहजी होकार दिला नाही. परत कसे करणार, हे तिनं विचारलं, आणि भावाला रीतसर कागदावर सही करूनच पैसे मिळाले. हीच एस्थर पुढे कंपनीची उपाध्यक्ष झाली. कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेल्यावर ती डेट्रॉइटमध्येच राहिली, जुने कागद, फोटो, तबकड्या तिनं जपल्या आणि १९८५ साली त्याच घरात संग्रहालय उभं केलं. मालकाच्या कर्तबगारीचे पुरावेसुद्धा बहिणीनं सांभाळले म्हणून उरले.

दुसरी बहीण लूसी हिनं १९६५ साली मृत्यू येईपर्यंत विक्रीचे आणि वसुलीचे हिशेब पाहिले. तिसरी बहीण ग्वेन हिची बिली डेव्हिसबरोबर 'ॲना' नावाची वेगळी कंपनी होती. 'मनी' हे मोटाउनच्या स्टुडिओतलं पहिलं गाजलेलं गाणं देशभर गेलं ते बहिणीच्या त्या कंपनीमार्फत. त्या गाण्याच्या लेखनात गॉर्डीबरोबर जेनी ब्रॅडफर्डचं नाव आहे. ती कंपनीत रिसेप्शनिस्ट होती. रेनोमा लाइल्स तर गॉर्डीची सुरुवातीपासूनची भागीदार, काही काळ पत्नीही. तिला संगीताचं रीतसर शिक्षण होतं. ती स्वरलेखन करायची, कोरस बसवायची. दोघांच्या नावांची अक्षरं जोडून 'रेबर व्हॉइसेस' हा त्यांचा पहिला गायकवृंद झाला होता. १९९० साली तिनं स्वतःचं आत्मकथन लिहिलं, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की पाया घालणारे हात दोन जणांचे होते. घटस्फोटित बायकोचं पुस्तक म्हणून ते बाजूला सारणं सोपं असतं. तसं ते सारलंही गेलं.

गॉर्डीनं आधी लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं, आणि गाणीही त्याच पद्धतीनं बनवायची असं त्यानं ठरवलं. एका टोकाला सुटे भाग आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी. गाणं लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. शेवटी दर आठवड्याच्या बैठकीत कुठलं गाणं बाजारात जायचं हे ठरायचं. या तपासणी विभागाचं नावही कारखान्यातलंच, 'क्वालिटी कंट्रोल', आणि त्याची प्रमुख होती बिली जीन ब्राउन ही तरुणी. तेव्हा बायकांना तिथं संधीच नव्हती असं मी म्हणणार नाही. इतर अनेक कंपन्यांपेक्षा तिथं त्या जास्त होत्या. माझा प्रश्न वेगळा आहे. साखळी पद्धतीच्या कामात कुठल्या जागेवरच्या माणसाचं नाव गाडीवर लागतं?

इंकस्टर या डेट्रॉइटजवळच्या गावातल्या शाळकरी मुलींची गोष्ट घ्या. शाळेतल्या गाण्याच्या स्पर्धेत त्या चौथ्या आल्या, तरी शिक्षकांनी त्यांना मोटाउनमध्ये आवाज ऐकवायला पाठवलं. स्वतःचं गाणं घेऊन या, असं तिथं त्यांना सांगण्यात आलं. त्यांच्यातल्या जॉर्जिया डॉबिन्सनं एका मित्राचं अर्धवट गाणं घेतलं, त्याचं नुसतं नाव ठेवलं आणि बाकी नव्यानं रचलं. ते 'प्लीज मिस्टर पोस्टमन'. १९६१ च्या डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. सर्वांसाठीच्या मुख्य यादीत तिथवर पोचलेलं मोटाउनचं हे पहिलं गाणं. पण ध्वनिमुद्रणात जॉर्जिया नाही. तिच्या वडिलांनी करारावर सही द्यायला नकार दिला आणि तिला गट सोडावा लागला. ग्लॅडिस हॉर्टननं ते गायलं. गीतकारांच्या नावांत जॉर्जिया राहिली, इतर चार पुरुषांबरोबर. पुढे बीटल्सनी ते गायलं, कार्पेंटर्सनी गायलं, जगभर ते वाजलं. घरातल्या पुरुषाची सही नाही म्हणून थांबलेल्या कितीतरी मुली आपण कामाच्या निमित्तानं पाहिल्या आहेत, त्यामुळे हे गाणं ऐकताना मला आधी आठवते ती न गायलेली मुलगी. त्या गटाच्या, 'मार्व्हलेट्स'च्या, पहिल्या मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर या मुलींचे चेहरेही नव्हते. होती एक रिकामी टपालपेटी. काळे चेहरे पाहून गोरे गिऱ्हाईक बिचकेल, हा तेव्हाचा बाजाराचा हिशेब होता.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं त्या तिघींकडे येते. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स. तिघींच्या गटाचं नाव 'अँडान्टीज'. त्या स्टुडिओतल्या कायमच्या कोरस गायिका होत्या, आणि १९६० च्या दशकात तिथं झालेल्या शेकडो ध्वनिमुद्रणांत त्यांचा आवाज आहे. मेरी वेल्सचं 'माय गाय' (१९६४) ऐका, पाठीमागे त्या आहेत. 'फोर टॉप्स' हा चार पुरुषांचा गट. त्यांचं 'रीच आउट' (१९६६) ऐका. पुरुषांच्या जाड आवाजांवर जो उंच स्वर पसरलेला आहे, ज्याच्यामुळे ते गाणं वर उचलल्यासारखं वाटतं, तो या तिघींचा. मार्व्हिन गे याचं 'ग्रेपव्हाइन' (१९६८), त्यातही त्याच. गाण्याचं वर्णन करताना टीकाकार ज्याला कौतुकानं 'मोटाउनचा आवाज' म्हणतात, त्यातला मोठा हिस्सा या तीन गळ्यांतून निघालेला आहे.

याहून गमतीचा, म्हणजे रागही येईल असा भाग 'सुप्रीम्स' या गटाचा. डायना रॉस, मेरी विल्सन, फ्लॉरेन्स बॅलर्ड या तिघींचा तो जगप्रसिद्ध गट. १९६७ मध्ये फ्लॉरेन्सला काढून सिंडी बर्डसाँगला घेतलं गेलं. त्या धामधुमीत काही कार्यक्रमांत मार्लीन बॅरोच रंगमंचावर उभी राहिली. पुढच्याच वर्षी 'लव्ह चाइल्ड' आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. लेबलवर नाव डायना रॉस अँड द सुप्रीम्स. आत डायनाच्या मागे मेरीही नाही नि सिंडीही नाही. गाताहेत अँडान्टीज. १९६९ चं निरोपाचं गाणं, 'आपण पुन्हा एकत्र येऊ' अशा अर्थाचं, त्यातही गटातल्या दुसऱ्या दोघी नाहीत. तिथं वॉटर्स भगिनी गायल्या आहेत. म्हणजे जिचं नाव छापलं तिला गाऊ दिलं नाही, आणि जी गायली तिचं नाव छापलं नाही. मेरी आणि मार्लीन या दोघींना एकमेकींच्या विरुद्ध उभं करायची ही सोय कुणाच्या फायद्याची होती, हे आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको. गटाचं नाव कंपनीच्या हातात, आवाज बदलता येण्याजोगा, आणि म्हणून कुठल्याच बाईला घासाघीस करायला जागा नाही. फ्लॉरेन्सनं तर त्या गटाला 'सुप्रीम्स' हे नाव निवडून दिलं होतं. बाहेर पडताना मात्र तिनं स्वतःच्या जाहिरातीत ते वापरायचं नाही अशी अट घातली गेली. १९७६ साली, ३२ व्या वर्षी ती गेली. त्याआधी सरकारी मदतीवर तिला घर चालवावं लागलं होतं.

अँडान्टीजना प्रत्येक ध्वनिमुद्रणापुरते पैसे मिळायचे. रॉयल्टी नाही. यावर नेहमी एक युक्तिवाद होतो, आणि तो आपल्यातल्या बायकाही करतात. त्या पगारी होत्या, ठरलेली बिदागी घेऊन गेल्या, त्यांच्यावर अन्याय कसला? कोरस म्हणजे काही गाणं नव्हे. हे मी नीट ऐकून घेते, आणि तरी मला पटत नाही. काम करताना कुठलं काम 'मुख्य' आणि कुठलं 'मदतीचं' हे कामाच्या अंगावर लिहिलेलं नसतं, ते ठरवलं जातं. एकदा का एखादं काम मदतीचं ठरलं की त्याचं मोल एकरकमी होतं. तेच गाणं ६० वर्षं जाहिरातीत, सिनेमात, रेडिओवर वाजत राहिलं तरी ज्यांचा गळा त्यात आहे त्यांना त्यातलं पुढे काही मिळत नाही. स्वयंपाकघरातल्या श्रमाचा हिशेब मांडताना आपण हेच बोलत आलो ना?

सिल्व्हिया मॉय ही त्याच घरातली गीतकार. १९६५ च्या सुमारास बालकलाकार स्टीव्ही वंडर याचा आवाज फुटला होता, आणि त्याला कंपनीत ठेवावं की नाही याची चर्चा चालू होती. मला एक संधी द्या, असं सिल्व्हियानं म्हटलं. तिनं त्याच्याबरोबर 'अपटाइट' रचलं. शब्द ब्रेलमध्ये उतरवून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून ध्वनिमुद्रण चालू असताना ती त्याच्या हेडफोनमध्ये एकेक ओळ आधी गाऊन दाखवायची आणि तो लगेच ती गायचा. गाणं गाजलं, स्टीव्ही राहिला. गीतकार म्हणून तिचं नाव लागलं, पण निर्माता म्हणून दोन पुरुषांचं. निर्मितीतलं काम ती करत होती, श्रेय मिळत नव्हतं, हे ती पुढे बोलत राहिली. २००६ साली गीतकारांच्या सन्मानसूचीत तिचा समावेश झाला. २०१७ मध्ये ती वारली. व्हॅलरी सिम्प्सनला १९६८ पासून निर्माती म्हणून श्रेय मिळालं हे खरं, मात्र निकोलस ॲशफर्डबरोबर जोडीनं.

आता माझ्या मनात सगळ्यांत जास्त खुपणारी गोष्ट. स्टुडिओतल्या वादकांच्या बाबतीतही असंच झालं होतं. 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखले जाणारे हे वादक अनामिक होते. १९७१ मध्ये मार्व्हिन गेच्या एका तबकडीवर त्यांची नावं छापली गेली, तीही एवढ्या वर्षांनी. मग २००२ साली त्यांच्यावर एक माहितीपट आला, लोकांना ते माहीत झाले, २००४ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. योग्यच झालं, मला आनंद आहे. पण विसरलेल्यांची आठवण काढायची ठरली तेव्हा आधी आठवले ते पुरुष. गिटार, ढोल, बेस यांना 'वादन' म्हणून कसब मानलं गेलं. तिघींनी तिथल्या तिथं स्वर वाटून घेणं, कुठल्याही गायकाच्या आवाजाखाली आपला आवाज नेमका बसवणं, तेही एका दिवसात तीन निरनिराळ्या गायकांसाठी, हे मात्र जणू देवाची देणगी. बाईच्या कौशल्याला निसर्गदत्त म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

या तिघी वादकांबरोबर जोडकामालाही जायच्या. जॅकी विल्सन याचं १९६७ चं 'हायर अँड हायर' हे गाणं शिकागोत मुद्रित झालं, दुसऱ्याच कंपनीसाठी, आणि त्यात मोटाउनचे वादक आणि या गायिका दोन्ही आहेत. १९७२ साली कंपनी लॉस एंजेलिसला गेली, स्टुडिओ बंद झाला, अँडान्टीज डेट्रॉइटमध्येच राहिल्या.

त्यांच्या स्वतःच्या नावावर त्या काळात कंपनीनं एकच तबकडी काढली, १९६४ साली. गाण्याचं नाव 'लाइक अ नाइटमेअर'. त्यातही मुख्य आवाज ॲन बोगन या बाहेरून आणलेल्या गायिकेला दिला गेला. ती तबकडी दुकानांत नीटशी पोचलीच नाही. आज ती इतकी दुर्मीळ आहे की जुन्या तबकड्यांचे संग्राहक तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात, आणि विकणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हातात ते पैसे फिरत राहतात.