मॅटवरचे वाघ

शनिवारी संध्याकाळी कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन बघा. ओळीने हिरवी मॅट्स, प्रत्येकाशेजारी चेंडूंनी भरलेली बकेट आणि स्विंगचा व्हिडिओ नीट यावा म्हणून बॅगेला टेकवून ठेवलेला मोबाइल. ठाक्! चेंडू दिव्यांच्या उजेडात उंच जातो आणि लांब कुठेतरी पडतो. मागून कोणीतरी ‘कडक!’ म्हणतं. पहिला चेंडू थांबायच्या आत दुसरा ठेवलेला असतो. पाऊण तासात बकेट रिकामी, टी-शर्ट घामाने ओला आणि मनात एकदम पक्कं, की आपला गेम बसलाय.

यातल्या कोणालाही विचारा, ‘कोर्सवर कधी खेळलास?’ उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. ‘अजून नाही. आधी स्विंग सेट होऊ दे.’ काहींचा स्विंग गेलं दीड वर्ष सेट होतोय.

हसू नका, मीही त्यातलीच. रेंजवर सात नंबरचं आयर्न असं काही बसलं होतं, की शंभर यार्डांच्या पाटीपलीकडे चेंडू टाकणं म्हणजे डाव्या हातचा मळ वाटायचा. मग एकदा एका ओळखीच्यांनी कोर्सवर नेलं. पहिल्या टीवर उभी राहिले, तर मागे पुढच्या ग्रुपमधली चार अनोळखी माणसं हाताची घडी घालून थांबलेली. पहिला फटका वीस पावलांवरच्या झुडपात. दुसरा चेंडू उतारावर, माझ्या पावलांपेक्षा वर. असा चेंडू मी आयुष्यात मारला नव्हता, त्यामुळे तो कुठे जाईल याचीही कल्पना नव्हती. (डावीकडे जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बहुतेक वेळा तिकडेच जातो.) तिसऱ्या वेळी स्टिक चेंडूआधीच जमिनीत घुसली, मातीचा गोळा चेंडूपेक्षा लांब गेला आणि शेजारचा कॅडी शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, इथं मॅट नाही.’ नऊ होलचं पार ३६, माझे फटके ७१. चार चेंडू कायमचे गेले, ते वेगळेच.

कॅडीच्या त्या वाक्यात अर्धं शास्त्र होतं. मॅट खोटं बोलतं. स्टिक चेंडूच्या दोन इंच आधी टेकली, तरी मॅटवरून ती घसरत पुढे येते आणि चेंडूला जवळजवळ नीटच लागते. आवाज छान, उड्डाण बरं, आपण खूश. तीच चूक गवतावर केली की स्टिक मातीत रुतते आणि चेंडू दहा यार्ड सरकतो. म्हणजे जी चूक कोर्सवर पहिल्याच मिनिटाला समजली असती, ती रेंजवर आपण शेकडो वेळा करतो आणि तिचा व्हिडिओही काढतो. शिवाय रेंजवर पाय कायम सपाट जमिनीवर. कोर्सवर मात्र चढ आहे, उतार आहे, चेंडू गिळणारं रफ आहे, बंकरमधली वाळू आहे. आणि वारा आहेच.

पण जमिनीपेक्षा मोठा फरक आहे तो ‘परत मारू’चा. रेंजवर वाईट फटक्यावरचा उपाय बकेटमध्ये असतो. हात पुढे केला की नवा चेंडू. कोर्सवर तो फटका एकदाच मिळतो, पुढचा वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या स्टिकने, आणि मध्ये पाच मिनिटं चालायचं. या पाच मिनिटांत डोकं काय काय बोलतं, ते ज्याने खेळलंय त्यालाच माहीत. ‘मघाचा गेला तसाच हाही जाणार’ हे वाक्य स्वतःला ऐकवत पन्नास पावलं चालणं आणि तरीही पुढचा चेंडू धडपणे मारणं याची प्रॅक्टिस कुठल्याच मॅटवर होत नाही. तालमीत जोर-बैठका कितीही काढा. फडात उतरल्यावर समोरचा कुठला डाव टाकणार, हे तिथेच कळतं.

एकच गोष्ट सलग घोटल्याने ती आली असं वाटतं, पण टिकत नाही, हे प्रयोगातूनही दिसलंय. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांचा १९७९ मधला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. हातात टेनिसचा चेंडू धरून लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायच्या, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने एक क्रम पुरता घोटून मग पुढचा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. सरावाच्या वेळी पहिला गट जास्त भारी दिसत होता. दहा दिवसांनी परत करायला सांगितलं, तेव्हा दुसरा गट पुढे गेला. आपली बकेट आठवा. पन्नासातले चाळीस चेंडू ड्रायव्हरने, त्याच दिशेला, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने. आपण पहिल्या गटात आहोत.

ड्रायव्हरचं हे वेड तर हिशेबातही बसत नाही. साधारण अठरा होलच्या कोर्सचं पार ७२. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. अर्धा खेळ पटरचा! ड्रायव्हर संपूर्ण फेरीत फार तर चौदा वेळा हातात येतो. आणि रेंजशेजारचं पटिंग ग्रीन बघा, तिथे बहुतेक वेळा एखादे काका आणि दोन साळुंक्या.

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस नीरज चोप्राच्या सुवर्णपदकासाठी लक्षात आहे. त्याच दिवशी सकाळी, आयुष्यात गोल्फ न बघितलेली कितीतरी घरं टीव्हीला चिकटली होती. टोकिओत अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. एका फटक्याने तिचं कांस्य हुकलं आणि ती चौथी आली. लांब मारण्यात ती त्या स्पर्धेतल्या बऱ्याच जणींच्या मागे होती. तिला वर ठेवलं ते पटरने. ती रेंजवर शेजारच्या बेमध्ये उभी असती, तर ‘कडक!’ म्हणायला कोणी मान वळवली असती का, शंका आहे.

दुसरं उदाहरण एस. एस. पी. चौरसियाचं. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची देखभाल करायचे, मुलगा तिथेच कॅडी झाला, तिथेच शिकला. पुढे २०१६ आणि २०१७, सलग दोन वर्षं त्याने इंडियन ओपन जिंकली. ग्रीनच्या आसपासच्या हातखंड्यामुळे चिप आणि पट हे शब्द त्याच्या आडनावात घुसवून त्याला ‘चिपट्सिया’ म्हणायचे. असं नाव बकेटी रिकाम्या करून मिळत नाही.

म्हणून रेंज बंद करा, असं म्हणत नाहीये मी. उलटा आजारही असतोच. दर रविवारी न चुकता अठरा होल खेळणारे आणि पंधरा वर्षं तोच उजवीकडे वळणारा फटका न चुकता मारणारे लोक प्रत्येक क्लबात सापडतील. त्यांना कोर्स रोज दाखवतोय काय चुकतंय, पण दुरुस्तीसाठी ते कुठे थांबतच नाहीत. दुरुस्ती रेंजवरच होते. फक्त रेंजवर जाताना कोर्सवरचा प्रश्न घेऊन जायचा. ‘परवा साठ यार्डांवरून तीनदा आखूड पडला’ एवढं डोक्यात असेल, तर तीस चेंडूही पुरतात. डोक्यात काही नसेल, तर तीनशेही वायाच.

माझं स्वतःचं प्रमाण सांगते, हवं तर हसा. दोन बकेटमागे एकदा नऊ होल. आणि बकेटमधले शेवटचे दहा-बारा चेंडू मारताना मनात कोर्स उभा करायचा. पहिला होल, ड्रायव्हर. उजवीकडे गेला? मग पुढचा फटका झाडाखालून काढायचा आहे असं समजून स्टिक बदलायची. प्रत्येक चेंडूआधी मागे जायचं, निशाण ठरवायचं, मगच उभं राहायचं. शेजारचे येड्यात काढतात. काढू देत.

कोर्सवर जायला आपण घाबरतो त्याचं खरं कारण स्विंग नाहीच, चार लोक बघतील हे आहे. तर जरा नियम ऐका. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत सगळे मिळून ५४ होल खेळून नोंदवले की हँडिकॅप मिळू शकतो. नऊ-नऊचे तुकडेही चालतात. सुरुवातीला या नोंदीत एका होलवर पार अधिक पाच, याच्या वर फटके धरतच नाहीत. तिथे चेंडू उचला आणि पुढे चला. हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं. पुढच्या टीवरून खेळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, मागच्या ग्रुपला हात करून पुढे सोडा. संथ खेळाचा लोकांना राग येतो, वाईट खेळाचा फारसा येत नाही. ते सगळे कधी ना कधी त्याच झुडपात चेंडू शोधत होते.

मात्र प्रत्येकाचा प्रश्न भीतीचा नसतो. बकेट काही शे रुपयांत येते, कोर्सवरची एक फेरी सहज हजारांत जाते, आणि बऱ्याच ठिकाणी आधी सदस्य असावं लागतं किंवा सदस्याचा पाहुणा तरी. कॉलेजातल्या पोरापोरींना रेंज परवडते म्हणून ती रेंजवर राहतात. मग ‘ही पिढी नुसते चेंडू बडवते, खेळत नाही’ असं म्हणायचं कोणत्या तोंडाने? चेंबूरपासून येरवड्यापर्यंत आपल्याकडे कोर्स आहेत, खारघरला सिडकोचाही आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा कॅडी होता, दिल्लीच्या कोर्सवर वाढलेला. त्याला कोर्स मिळाला, कारण तो तिथे कामाला होता. आज रेंजवर घाम गाळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला तेवढंही मिळत नाही.

एप्रिल-मेमध्ये कोणत्याही कोर्सवर दुपारी चारच्या सुमारास चक्कर मारा. सकाळची गर्दी घरी गेलेली, संध्याकाळची यायची असते. पाच-सहा होल तर पूर्ण मोकळे, नुसते पाण्याचे फवारे फिरतायत. रेंजच्या बकेटच्या पैशात तेवढे होल, तेवढे दोन तास विद्यार्थ्यांना दिले, सोबत एक कॅडी दिला, त्याचे पैसे क्लबने सोसले. पुढच्या समितीच्या बैठकीत हा विषय मांडायला एक सदस्य पुरेसा आहे. हे पान घरी आईबाबाही वाचतात, त्यातले काही सदस्य असतीलच.